वाटेवर ओतलेलं पाणी

गोर्नी ओराह, १० मे १९८४

प्रिय वितो,

तुझं पत्र आणि चॉकलेटं मिळाली. चॉकलेटं बाबांनी आईपासून लपवली, आईने ती शोधून माझ्यापासून लपवली. तेव्हा चव कशी होती ते मला विचारू नकोस.

आता तुझ्या लाडक्या कोंबडीची, त्या तुझ्या गाडीची, तक्रार ऐक. म्युनिकला जाताना तू म्हणालास, "गाडी राहू दे घरी, बाबांना डॉक्टरकडे न्यायला होईल." मीही खुळी, भरीस पडून गाडी चालवायला शिकले. आता रोसांदा कपडे चांगले शिवते यापेक्षा रोसांदा रस्त्यात उभी असते, याचीच गावात जास्त ख्याती आहे.

घरून निघताना एका फटक्यात सुरू होते. आई दारात उभी राहते, मागून लोटाभर पाणी टाकते, "पाण्यासारखी वाट वाहू दे" म्हणते आणि आम्ही डॉक्टरकडे, उझित्सेच्या रस्त्याला लागतो. गिरणीच्या पुलापर्यंत सगळं गोड. पुलापुढचा चढ लागला की बाई खोकायला लागतात, दोन गचके देतात आणि बंद. मग तू पाया पड नाहीतर शिव्या दे, स्टार्टर नुसता कुंथत राहतो. बाबा उतरून चेस्टनटच्या झाडाखाली बसतात आणि तिची समजूत काढतात. अर्ध्या तासाने, कुणी काही न करता, ती आपली आपण सुरू होते.

परवा शेजारचा तियोसाव ट्रॅक्टरवरून जाताना ओरडला, "काय ओब्राद, कोंबडी अंड्यावर बसली वाटतं?" बाबा म्हणाले, "बसू दे. उबवून ट्रॅक्टर काढला तर तुलाच विकतो."

आम्ही हसतो खरे. पण मला भीती वाटते. डॉक्टरांनी बजावलंय, बाबांच्या छातीत कळ आली तर अजिबात वेळ दवडू नका. आणि वेळ दवडणं हे तर हिचं कामच. तू जर्मनांच्या गाड्या बऱ्या करतोस, घरच्या गाडीलाही काही औषध सांग.

तुझी रोसा


म्युनिक, २९ मे १९८४

रोसा,

अंड्याचा विनोद वाचून गॅरेजमध्ये एकटाच हसलो. शेजारचा तुर्क विचारत होता काय झालं. कोंबडीला जर्मनमध्ये काय म्हणतात तेच आठवेना.

आता नीट ऐक. गाडीला दोनच गोष्टी लागतात, पेट्रोल आणि ठिणगी. थंड झाल्यावर सुरू होते म्हणतेस, म्हणजे काहीतरी तापतंय. आपल्या कोंबडीचं इंजिन पाठीमागे, हवा आधीच कमी. मागच्या झाकणाच्या फटींत गवत, पानं अडकली असतील तर काढ. चढावर इंजिन तापलं की नळीतलं पेट्रोल उकळतं, त्याची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. यावर उपाय म्हणजे आईचे कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. हसू नकोस. पंपापासून वर जाणाऱ्या नळीला सहा-सात चिमटे लाव, लाकूड उष्णता ओढून घेतं. वाटेत बंद पडलीच तर पंपावर ओलं फडकं ठेव, पण पिळून. तारांना आणि त्या तारा जिथून निघतात त्या काळ्या टोपीला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरला, पाण्याचा थेंब लागू देऊ नकोस. नाहीतर असलेली ठिणगीही जाईल.

बाबांना म्हणावं ट्रॅक्टर विकू नका, माझ्यासाठी ठेवा. मी आता परत यायचं मनावर घेतलंय. आणखी दोन वर्षं, मग गिरणीजवळ माझं स्वतःचं गॅरेज. तोवर कोंबडीला आणि म्हाताऱ्याला सांभाळ.

वितो


गोर्नी ओराह, २४ जून १९८४

प्रिय डॉक्टरसाहेब,

चिमटे लावले. आई दोन दिवस चिमटे शोधत होती आणि तियोसावच्या बायकोवर संशय घेत होती. शेवटी मी झाकण उघडून दाखवलं, तर म्हणाली, "माझा मुलगा एवढ्या लांब जाऊन हे शिकला?"

पण गुण शून्य. मंगळवारी बाबांना घेऊन निघाले, आणि बाई त्याच चढावर थांबल्या. ओलं फडकं ठेवलं, वाट पाहिली, सुरू झाली, डॉक्टरांकडे उशिरा पोचलो.

एक गंमत सांगते. प्लमच्या बागेत जाताना ती कधी थांबत नाही, गिरणीत दळण न्यायलाही नाही. उझित्सेहून येताना तर गोठ्याकडे निघालेल्या गाईसारखी धावते. बाबा म्हणतात, "ती माझ्यासारखी आहे, गाव सोडून जायचं तिच्या जिवावर येतं. वितोवर गेली असती तर केव्हाच म्युनिकला पोचली असती." हे म्हणताना हसतात, पण मग तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतात.

आईचं निदान तुझ्याहून पक्कं आहे. नजर लागली, आणि तीही तियोसावची. म्हणून आता ती लोट्यावर भागवत नाही, पाहुण्यांपुढे ठेवतो तो पाण्याचा मोठा जग भरून आणते आणि असा नेम धरून फेकते की मागची काच धुऊन निघते. गाडी निदान मागून तरी स्वच्छ असते.

बाबांचे पाय सुजतात हल्ली. तू लवकर ये, वितो. दोन वर्षं फार होतात.

रोसा


म्युनिक, १५ जुलै १९८४

रोसा,

येताना थांबत नाही, कारण येताना उतार असतो, इंजिन तापत नाही. बागेत जाता ते अंतरच मुळी कमी. माझं म्हणणं अजून तेच आहे, पण दोष पेट्रोलचा नसेल तर ठिणगीचा. ठिणगीचा दाब वाढवणारी कॉइल जुनी झाली की तापल्यावर दम सोडते आणि गार झाली की पुन्हा साळसूद. नवी कॉइल बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय. बाबांना बसवता येईल. त्यांना आवडेल ते काम, तू मध्ये लुडबुड करू नकोस.

या वेळी नक्की. माझ्या शब्दावर विश्वास ठेव.

वितो


म्युनिक, १८ ऑक्टोबर १९८४

रोसा,

पोचलो. खोलीचं दार उघडलं, कोट काढला नाही, तसाच बसलो.

तिथे होतो तेव्हा तुला विचारता आलं नाही. घर माणसांनी भरलेलं, आणि आई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. बाबांना मातीत ठेवलं तेव्हा मी तिचा हात धरायला गेलो, तिने शालीत ओढून घेतला. नंतर स्वयंपाकघरात मावशीला म्हणाली, आणि मी दाराशीच होतो, "स्वतः जर्मनांच्या गाड्यांत फिरतो, बापाला हे डबडं ठेवून गेला. त्याच्या डबड्याने माझा माणूस वाटेत मारला."

दुसऱ्या दिवशी तू मला कोंबडीखाली पडलेला पाहिलंस. मी सगळं तपासलं, रोसा. कॉइल, प्लग, पॉइंट, पंप, एक एक तार. मग तोच चढ तिला पुन्हा पुन्हा चढायला लावला, इंजिन तापून लाल होईल इतका. एकदा तरी बंद पड म्हणून तिला विनवत होतो. नाही पडली. तिच्यात काही दोष नाही. दोष असता तर निदान शिव्या घालायला काहीतरी हातात आलं असतं.

आणि निघालो तेव्हा आई दारात आली नाही. पहिल्यांदा सैन्यात गेलो तेव्हा तिने पाणी टाकलं होतं, म्युनिकला आलो तेव्हा टाकलं होतं. या वेळी मी फाटकापर्यंत हळूहळू चाललो, बूट बांधायचं निमित्त करून थांबलोसुद्धा. मागे काही आवाज नाही. कोरड्या वाटेने बसपर्यंत गेलो.

त्या सकाळी काय झालं ते मला सगळं लिही. काही गाळू नकोस.

वितो


गोर्नी ओराह, २० नोव्हेंबर १९८४

वितो,

लिहायला बसते आणि उठते. आज लिहितेच.

आदल्या दिवशी बाबा दारूसाठी प्लम उकळत होते, ऐकेनात. पहाटे छातीत कळ आली. घाम नुसता. मी त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. आई अनवाणी धावत आली, हातात जग, पाणी टाकलं आणि ओरडली, "वाट वाहू दे, वाहू दे!" मी गाडी दामटली. पूल गेला, चढ लागला आणि ती खोकली. मी स्टिअरिंगवर डोकं आपटून घेतलं, वितो. म्हटलं आज नको गं, आज नको.

तू पाठवलेली कॉइल बाबांनी स्वतः बसवलेली, तरी थांबली. मी किल्ली फिरवत राहिले. तेवढ्यात बाबा दार उघडून उतरले. "बसून राहा" म्हणून मी ओरडले, पण ते मागे गेले, झाकण उघडलं, आत हात घातला. हात बाहेर काढून बघत राहिले. मग हसले. खरंच हसले, घरी आईची काही चोरी पकडली की हसायचे तसे. खिशातून रुमाल काढला, आत काहीतरी पुसलं आणि मग मटकन गवतावर बसले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आईचं नाव घेऊन म्हणाले, "मिलुंकाला सांगू नकोस." आणखी एकदा म्हणाले, "तिला नको सांगूस, पोरी." त्यानंतर काही नाही.

ते गेल्यावर मी किल्ली फिरवली, तर एका फटक्यात सुरू झाली. मेलीला आत्ता सुचलं. मी त्यांना घेऊन परत आले. येताना थांबली नाही.

आई अजून फाटकातच होती. "एवढ्यात कशी आलीस?" म्हणाली. काय लपवणार होते मी? सांगितलं, कोंबडी थांबली. बाबांचा शेवटचा शब्द मोडला, हे मला रोज खातं.

रुमाल त्यांच्या मुठीत होता, ओला. घाम पुसला असेल. आईने तो धुतला, पण काळा डाग जात नाही. उशीखाली ठेवून झोपते. चाळिसाव्या दिवसाच्या श्राद्धाचा गहू शिजवताना कुणाशी बोलली नाही. तुझं नाव निघालं की उठून जाते. आता ती कुणाच्याच मागे पाणी टाकत नाही.

रोसा


म्युनिक, २ डिसेंबर १९८४

रोसा,

उभ्यानेच लिहितोय.

काल गॅरेजमध्ये एक जण आला. गाडी आज सकाळपासून बंद, म्हणाला. रविवारची चकचकीत दिसावी म्हणून पठ्ठ्याने पाइप लावून इंजिन धुतलं होतं. मी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतून ओली. रुमालाने पुसली, बसवली, सुरू झाली. आणि रुमाल हातात तसाच धरून मी उभा राहिलो.

तो घाम नव्हता, रोसा. पाणी होतं.

इंजिन मागे. झाकणाला फटी. आई मागून नेम धरून पाणी फेकते, ते थेट आत, तारांवर आणि टोपीवर. पुलापर्यंत इंजिन तापतं, त्या पाण्याची टोपीत वाफ धरते आणि ठिणगी मरते. अर्ध्या तासात वाळतं, की सुरू. बागेत जाताना आई पाणी टाकत नाही. उझित्सेहून येताना टाकायला आई नसते. मी चढवली तेव्हाही तिने टाकलं नव्हतं. तू मला सगळं लिहिलं होतंस, धुतलेल्या काचेसकट, आणि मी चिमटे पाठवत बसलो.

तिला सांग. आज सांग. मी डबडं ठेवून गेलो नव्हतो, मी बापाला मारलं नाही. ती माझ्याशी बोलत नाही, माझ्या मागे पाणी टाकत नाही, आणि थांबवलं कुणी तर तिनेच! मला घरी यायचंय, रोसा. मला माझं घर परत पाहिजे.

वितो


गोर्नी ओराह, ११ डिसेंबर १९८४

वितो,

पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन बसले. मग ठरवलं, सांगायचं. तू खरा आहेस आणि तुझ्यावर फार अन्याय झालाय.

आई चुलीपाशी होती. बाबांचे रुमाल इस्त्री करून घडी घालत होती. आता कुणाला हवेत, पण दर शनिवारी करते. तो डागवाला वर ठेवला आणि हाताने सपाट करत बसली. मी तोंड उघडलं आणि मला बाबांचं ते हसू दिसलं.

त्यांना कळलं होतं, वितो. हात आत घातला तेव्हाच कळलं होतं. मिलुंकाला सांगू नकोस म्हणजे काय, ते मला आत्ता उमगतंय. कळ आली ते लपव, गाडी थांबली ते लपव, असं नव्हतं ते. का थांबली, ते सांगू नकोस. मरताना त्यांनी तिचं पाणी पुसून टाकलं, तिला दिसू नये म्हणून.

मी म्हणाले, "आई, दूध उतू जातंय." जात नव्हतं.

मला जमणार नाही. सांगायचंच तर तू ये आणि तिच्या डोळ्यांत बघून तूच सांग. मी अडवणार नाही. तुझा हक्क आहे.

रोसा


म्युनिक, २३ डिसेंबर १९८४

रोसा,

माझ्यावरच राहू दे.

रागवायला तिला कुणीतरी लागणारच, मी लांब आहे, मला सोसेल. बाबांनी जे पुसलं ते मी पुन्हा ओलं करणार नाही.

सोबत भांडी घासायचा रबरी हातमोजा आहे. तुझ्यासाठी नाही, कोंबडीसाठी. बोटांची टोकं काप. चार प्लगच्या चार तारा चार बोटांतून काढ, कॉइलची अंगठ्यातून, आणि मोजा त्या टोपीवर घट्ट ओढून बसव. मग आईला बादली ओतू दे नाहीतर विहीर. तिने पाणी टाकणं थांबवू नये, असं मला वाटतं. हे तिला माझं म्हणून सांगू नकोस.

वितो


गोर्नी ओराह, २ एप्रिल १९८५

वितो,

मोजा तेव्हाच बसवला होता. झाकण उघडलं की वाटतं, आत कुणीतरी हात धरून बसलंय. पण हिवाळाभर त्याची परीक्षा झाली नाही, कारण पाणी टाकणारीच घरातून बाहेर येत नव्हती.

आज बाबांच्या सहा महिन्यांच्या श्राद्धाच्या मेणबत्त्या आणायला उझित्सेला निघाले. इंजिन सुरू केलं आणि आरशात आई दिसली. दोन्ही हातांत भरलेली बादली, चालताना पायांवर सांडत होती. मी काच खाली केली.

"वितोला लिही," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"ये म्हणावं. गाडीचा दोष नव्हता. पोराला उगाच बोलले मी. त्या दिवशी बादली रिकामी होती, रोसा, आणि जगमध्ये अर्धंच पाणी होतं. विहीर काय लांब होती? पण मी घाई केली, अर्ध्यावरच भागवलं. अर्ध्या पाण्याची अर्धीच वाट. तुझा बाप अर्ध्यातच राहिला." बादली खाली ठेवून तिने तशीच ओल्या हाताने तोंड पुसलं. "सहा महिने मी पोराच्या माथी मारत होते. माझंच पाणी कमी पडलं."

वितो, खरं जिभेवर आलं होतं. तिला या दुःखातून सोडवायला माझ्याकडे तेवढं एकच होतं, आणि तेच तिला देता येत नव्हतं.

मी म्हणाले, "नाही गं आई. कमी नव्हतं पडलं."

"खरं सांगतेस?"

"खरं. पुरून उरलं होतं."

 तिने बादली उचलली आणि मी निघाल्यावर सगळीच्या सगळी कोंबडीच्या पाठीवर ओतली. "वाट वाहू दे" म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, सवय मोडली आहे ना.

पूल गेला, चढ लागला.  कोंबडी खोकलीसुद्धा नाही. चेस्टनटपाशी मीच थांबवली, इंजिन चालू ठेवून उतरले, झाकण उघडलं. मोज्याच्या पाचही बोटांवरून पाणी ठिबकत होतं आणि इंजिन घड्याळासारखं चालत होतं. एवढंसं रबर, वितो. एवढ्यानेच भागलं असतं. मी त्या गवतावर बसून मोठ्याने रडले, आणि ती माझ्या शेजारी आपली चालतच राहिली.

ईस्टरला ये. निघशील तेव्हा फाटकाशी बूट बांधत थांबायला नको. आई म्हणालीय, या वेळी विहिरीवरून दोन बादल्या आणून ठेवते.

तुझी रोसा